मुख्याध्यापकांची तंत्रकौशल्यं: काय शिकायचं, कोणत्या क्रमानं, आणि वर्षभरात कसं बसवायचं

महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकांची खरी परीक्षा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असते. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं ठरतात, आणि मूल पटात धरलं जाण्यासाठी त्याचं आधार वैध असावं लागतं. पाचवीतल्या एखाद्या मुलीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग जनरल रजिस्टरवरून (शाळेत दाखल मुलांच्या मूळ नोंदवहीवरून) भरताना एक आणि आधारवर दुसरं झालं, तर तिच्या नावापुढे 'अवैध' येतं. काठावरच्या पटाच्या शाळेत अशी चार-पाच नावं म्हणजे एका शिक्षकाचं पद. आणि नेमकं तेव्हाच कळतं की पासवर्ड एका शिक्षकाच्या वहीत आहे, ओटीपी निवृत्त झालेल्या सरांच्या मोबाइलवर जातो, आणि सही मात्र आपली आहे.

म्हणून मुख्याध्यापकाचं प्रशिक्षण 'संगणक चालवता येतो का' या प्रश्नापासून सुरू करू नये. माहिती भरण्याचं काम लिपिक, शिक्षक किंवा गटसाधन केंद्रातला ऑपरेटर करू शकतो. भरलेलं बरोबर आहे का हे पाहणं, चूक कुठून आली ते शोधणं आणि त्याच माहितीवरून वर्गात काय बदलायचं ते ठरवणं मात्र दुसऱ्यावर सोपवता येत नाही. पुढचा सगळा क्रम याच हिशेबानं लावला आहे.

आधी स्वतःची चाचणी

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र बहुतेकांच्या सेवापुस्तकात आहे. त्यावरून आज हात किती बसलेला आहे हे कळत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी दार लोटून बसा आणि कुणाचीही मदत न घेता ही सहा कामं घड्याळ लावून करा.

१. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाच ओळींच्या तक्त्यासह मराठी पत्र, त्याची पीडीएफ, आणि ती ईमेलनं रवाना. वेळ २० मिनिटं.
२. साठ नावांच्या यादीतून दुबार नावं आणि आधार क्रमांक नसलेली मुलं वेगळी काढणं. वेळ १० मिनिटं.
३. मोबाइलनं दोन पानांचं कागदपत्र स्कॅन करून एकच पीडीएफ, आकार ५०० केबीच्या आत. वेळ ५ मिनिटं.
४. ग्रुपवर आलेला शासन निर्णय खरा आहे का ते तपासणं. वेळ ५ मिनिटं.
५. सामायिक गुगल शीटमध्ये कुणीतरी पुसलेली माहिती परत मिळवणं. वेळ ५ मिनिटं.
६. यू-डायस प्लसला (शाळांच्या माहितीचं केंद्र सरकारचं पोर्टल) स्वतः लॉगिन करून ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे एका शाळेनं सोडलेल्या पण दुसरीत अजून न नोंदलेल्या यादीत, किती मुलं आहेत ते सांगणं. वेळ १० मिनिटं.

प्रत्येक कामापुढे फक्त तीनपैकी एक खूण करा: वेळेत झालं, झालं पण वेळ लागला, अडलो. 'अडलो' असलेली कामं पहिल्या सत्रात घ्या, 'वेळ लागला' असलेली दुसऱ्या सत्रात. सहाही एकदम शिकायला गेलात तर एकही पक्कं होत नाही.

लॉगिन आणि ओटीपी: पहिला आठवडा

हे काम शिकण्याचं कमी आणि आवरण्याचं जास्त आहे, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अडतं.

शाळेच्या नावे एक सिमकार्ड घ्या. ते मुख्याध्यापकाच्या कपाटात राहील आणि पदासोबत पुढच्या व्यक्तीकडे जाईल. शाळेचा एक ईमेलही तसाच, पदाच्या नावानं. मग एका कागदावर सगळी पोर्टलं लिहा: यू-डायस प्लस, सरल (राज्याचं विद्यार्थी माहितीचं), शालार्थ (पगाराचं), पोषण आहार, शिष्यवृत्ती, पीएफएमएस (शासकीय निधीच्या व्यवहारांचं), दीक्षा (ऑनलाइन अभ्यासक्रमांचं). प्रत्येकापुढे चार रकाने: वापरकर्ता नाव, नोंदणीकृत मोबाइल, नोंदणीकृत ईमेल, प्रत्यक्ष काम कोण करतं. पासवर्ड या कागदावर लिहायचा नाही. तो बंद पाकिटात, तारीख आणि सही घालून, तिजोरीत.

जिथे जुना मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे तिथे तो बदलण्याचा अर्ज गट किंवा जिल्हा स्तरावर द्यावा लागतो. काही ठिकाणी दोन दिवसांत होतं, काही ठिकाणी महिना जातो, म्हणून हे जूनमध्येच. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी कार्यभार यादीत डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) आणि कीर्द असते, तसा हा कागदही असला पाहिजे. तो नसतो म्हणूनच नवीन मुख्याध्यापकाचे पहिले दोन महिने ओटीपीच्या मागे जातात.

ब्राउझरमध्ये पासवर्ड जतन करू नका, विशेषतः सगळे वापरतात त्या संगणकावर. शालार्थच्या बाबतीत तर अजिबातच नाही. २०२५ मध्ये नागपूरमध्ये बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं आणि चौकशी शाळांपर्यंत पोहोचली. अशा वेळी आपल्या लॉगिननं काय झालं याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

मराठी टायपिंग: युनिकोडचा आग्रह धरा

युनिकोडमधली मराठी कुठल्याही संगणकावर सारखीच दिसते. पण अजूनही कितीतरी शाळांत पत्रं जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सगळी चिन्हांची खिचडी दिसते, आणि एक्सेलमध्ये अशी नावं शोधता येत नाहीत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून मराठी भाषा जोडली की विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांचा ठरावीक कीबोर्ड) शिकायला रोज २० मिनिटांप्रमाणे साधारण महिना लागतो. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून मराठी) दोन दिवसांत जमतो. रोज लांब मजकूर लिहिणाऱ्यानं इन्स्क्रिप्टच शिकावा. पन्नाशी ओलांडलेल्यांनी मोबाइलवर बोलून टाइप करून तो मजकूर स्वतःला ईमेल केला तरी काही बिघडत नाही, फक्त विरामचिन्हं आणि आडनावं तपासून घ्यावीत.

एक्सेल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मुख्याध्यापकाला एक्सेलची पाच-सहाच हत्यारं लागतात, पण ती नीट लागतात.

पहिली गोष्ट लांब क्रमांकांची. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, सोळाव्या अंकापासून पुढे शून्य लावतं. सरलचा विद्यार्थी क्रमांक याहून लांब आहे, काही बँक खाते क्रमांकही. यादी चिकटवली की शेवटचे अंक गुपचूप शून्य होतात आणि फाइल जतन केल्यावर मूळ अंक परत मिळत नाहीत. उपाय एकच: माहिती चिकटवण्याआधी तो रकाना निवडून त्याचं स्वरूप 'टेक्स्ट' करायचं. आधी चिकटवून मग टेक्स्ट केलं तर उपयोग नाही.

दुसरी, तारखेची. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०७/२०१५ ही ३ जुलैची जन्मतारीख ७ मार्च होते. १२ पेक्षा मोठा दिवस असला की तारीख तारीख राहतच नाही, साधा मजकूर होते. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्याची मांडणी कुणी हातानं बदललेली नसेल तर खरी तारीख घराच्या उजव्या कडेला टेकते, मजकूर डाव्या कडेला. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर तिथेच थांबा. रीजन 'इंग्लिश इंडिया' करा आणि मूळ रजिस्टरवरून त्या तारखा पुन्हा भरा.

तिसरी, क्रमवारीची. एकच रकाना निवडून सॉर्ट केलं की एक्सेल विचारतं, 'एक्सपांड द सिलेक्शन' की 'कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन'. घाईत दुसरा पर्याय निवडला की नावं हलतात आणि आधार क्रमांक जागच्या जागी राहतात. म्हणजे प्रत्येक मुलाला दुसऱ्याचा क्रमांक. आधार पडताळणीत अख्खा वर्ग अवैध आला तर सगळ्यात आधी हेच झालं आहे का ते पाहा.

यापुढे फिल्टर, दुबार नोंदी रंगवणारं कंडिशनल फॉरमॅटिंग, मोजणीसाठी काउंटइफ आणि दोन याद्या जुळवण्यासाठी व्हीलुकअप. व्हीलुकअप जुळवणीसाठी नाव वापरू नका, जनरल रजिस्टर क्रमांक वापरा. नावात एक जादा स्पेस असली तरी जुळणी फसते. अशी स्पेस काढायला ट्रिम हे सूत्र आहे.

केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर 'तात्काळ माहिती भरा' म्हणून येणाऱ्या गुगल शीटबद्दलही एक गोष्ट. तीस शाळा एकाच वेळी लिहीत असतात आणि कुणीतरी दुसऱ्याची ओळ पुसतो. तुमची ओळ गेली तर फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्ट्रीत जुनी प्रत पाहून ती परत भरा. संपूर्ण शीट मागे नेऊ नका, नाहीतर नंतर भरलेल्या वीस शाळांची माहिती जाते. शीट बनवणाऱ्या केंद्रप्रमुखांनी मुळात गुगल फॉर्म दिला तर हा प्रश्नच उरत नाही.

पोर्टलवरची माहिती तपासण्याची पद्धत

यू-डायस प्लसमध्ये शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी असे तीन भाग आहेत. प्रमाणित करण्याआधी प्रिंट काढा आणि ती हातात घेऊन शाळेतून एक फेरी मारा. मुलींची स्वच्छतागृहं 'आहेत' आणि 'वापरात आहेत' हे दोन वेगळे रकाने आहेत, संगणकांचंही तसंच. गेल्या वर्षीची उत्तरं तशीच पुढे ओढली जातात आणि बंद पडलेले चार संगणक वर्षानुवर्षं चालू दिसतात. मग नवीन संच मंजूर कसे होणार? पटाचा संबंध तर थेट पैशांशी आहे. समग्र शिक्षाच्या एकत्रित शाळा अनुदानात ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये असे टप्पे आहेत. दुसऱ्या शाळेतून आलेली दोन मुलं जुन्या शाळेनं ड्रॉपबॉक्समध्ये सोडली नाहीत, तुम्ही मागणी केली नाही, आणि पट ९९ वर अडकला, की निम्मं अनुदान गेलं.

शालार्थचं मासिक देयक पाठवण्याआधी मागच्या महिन्याचं देयक शेजारी ठेवा. कर्मचाऱ्यांची संख्या, एकूण रक्कम आणि प्रत्येकाच्या निव्वळ वेतनातला फरक, एवढं पाहिलं तरी बहुतेक चुका सापडतात. जुलैत फरक वेतनवाढीचा असेल. फेब्रुवारीत ज्यांचा व्यवसाय कर कापला जातो त्यांचा २०० ऐवजी ३०० रुपये कापला जातो, म्हणून १०० रुपयांचा फरक दिसेल. ज्या फरकाचं कारण सांगता येत नाही तिथे देयक थांबवा.

पोषण आहारासाठी छोटं एक्सेल पत्रक पुरतं. पहिली ते पाचवीला रोज प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. समजा आज पहिल्या गटात ८४ आणि दुसऱ्या गटात ५३ मुलं जेवली. ८.४ किलो आणि ७.९५ किलो, मिळून १६.३५ किलो खर्च. आरंभीची शिल्लक अधिक आलेला तांदूळ वजा खर्च, ही उरलेली शिल्लक महिन्याच्या शेवटी प्रत्यक्ष वजनाशी जुळवा. तफावत बहुतेक वेळा दोन कारणांनी येते: उपस्थितीचा आकडा अंदाजानं भरला जातो, किंवा गोणी ५० किलोची धरली जाते आणि भरते कमी. दुसऱ्या कारणासाठी गोणी उतरवतानाच वजनकाटा लावावा लागतो, नंतर तक्रार करून काही हाती लागत नाही.

जनरल रजिस्टर वाचवा

हे काम कुठल्याही पोर्टलच्या यादीत नाही, तरी ते करायला हवं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा १९६७ पूर्वीची शाळेची रजिस्टरं पान पान चाळावी लागली. काही नोंदी मोडी लिपीत होत्या, काही पानं हात लावताच तुटत होती. गावातल्या कित्येक कुटुंबांकडे आजोबांच्या जन्मतारखेचा दुसरा पुरावाच नसतो. ते रजिस्टर ओल लागून गेलं की नोंद कायमची गेली.

स्कॅनिंगला महागडं यंत्र लागत नाही. जुन्या रजिस्टरला पान ओढून घेणारा फीडर स्कॅनर कधीच लावू नका, पान फाटतं. मोबाइल स्टँडला उलटा, पानाला समांतर बसवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. काचेचा स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय पुरे. समास कापू नका, कारण दाखला दिल्याची तारीख आणि दुरुस्तीचे शेरे समासातच असतात. मुखपृष्ठ आणि कोरी पानंसुद्धा क्रमानं घ्या, म्हणजे पान गळलं नाही हे दाखवता येतं. फाइलचं नाव 'रजि०३_पान०४७' अशा एकाच पद्धतीचं असावं.

मग एक्सेलमध्ये सूची: रजिस्टर क्रमांक, पान, नोंद क्रमांक, नाव, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख. नाव रजिस्टरमध्ये जसं आहे तसंच, 'गनपत' असेल तर 'गनपत'. आजच्या लेखनाप्रमाणे शोधता यावं म्हणून शेजारी वेगळा रकाना ठेवा. मूळ नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही आणि सूचीतही ती बदललेली दिसू नये. एक पान साधारण दीड-दोन एमबी होतं, म्हणजे ३०० पानांचं रजिस्टर ६०० एमबीच्या आत. तीन प्रती करा: शाळेच्या संगणकावर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि शाळेच्या ईमेलच्या ड्राइव्हवर. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्याला ठीक, साठवणीला नाही. रोज दहा पानं धरली तर एक रजिस्टर सहा आठवड्यांत होतं.

खरं-खोटं आणि मुलांची माहिती

ग्रुपवर आलेल्या शासन निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ते पत्रावरच्या तारखेशी जुळत नसतील तर शंका घ्या, आणि जुळले तरी शासनाच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाकून मूळ प्रत उघडा. एआयकडून पत्राचा मसुदा जरूर घ्या, वेळ वाचतो. पण त्यानं दिलेला शासन निर्णय क्रमांक किंवा नियम मूळ प्रत पाहिल्याशिवाय वापरू नका, कारण अशी साधनं नसलेले क्रमांकही खात्रीनं सांगतात. मुलांची नावं, आधार, आजार, जात यांतलं काहीही त्यात टाकू नका.

हेच व्हॉट्सॲपलाही लागू. आधार क्रमांकांसह वर्गाची यादी तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं थांबलं पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला विशेष महत्त्व आहे. अपार आयडीसाठीही (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) पालकांचं संमतीपत्र घेऊन फाइलला लावायचं असतं. फाइल पाठवायचीच असेल तर फाइल मेनूतल्या 'इन्फो'मधून पासवर्ड घालून ईमेलनं पाठवा, पासवर्ड फोनवर सांगा. 'कार्यालयातून बोलतोय, ओटीपी सांगा' असा फोन आला आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

वर्गापर्यंत पोहोचायचं कसं

नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण भरून झाले की बहुतेक शाळांत तो विषय संपतो. खरं काम तिथून सुरू होतं. उदाहरण घ्या: पाचवीचा वर्ग, २८ मुलं, गणिताची उत्तरपत्रिका. आडवे प्रश्न, उभी मुलं, प्रत्येक घरात मिळालेले गुण. सगळा तक्ता निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं कलर स्केल लावा. एखादी आडवी ओळ सबंध लाल दिसली तर त्या मुलाकडे वेगळं लक्ष हवं. एखादा उभा रकाना लाल दिसला, समजा हातच्याच्या वजाबाकीत १९ मुलांना शून्य, तर तो भाग शिकवण्यातच राहिला आहे. त्याला मुलांचा दोष नाही. शिक्षकासोबत तो तक्ता पाहताना पहिला प्रश्न 'असं का?' नको, 'यातलं काय परत घेऊया?' असा हवा. दोन आठवडे त्या एकाच घटकावर काम, मग त्याच धर्तीचे पाच प्रश्न, आणि नवा रकाना जुन्याशेजारी.

एलईडी टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालू ठेवा, कोकणात पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर दमटपणानं बिघडतो. प्रोजेक्टरची जाळी महिन्यातून एकदा झाडा आणि पंखा थांबेपर्यंत मेन बंद करू नका.

वर्षाचे ५० तास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. हे तास फक्त प्रमाणपत्रांत घालवू नका. २० तास स्वतःच्या सरावाला, म्हणजे आठवड्याला अर्धा तास, ठरलेल्या वारी. १२ तास दीक्षावरच्या किंवा नीपाच्या (शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राष्ट्रीय संस्था) राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राच्या अभ्यासक्रमांना. १० तास केंद्राच्या शिक्षण परिषदेत, पण नुसतं ऐकायला नाही: एका मुख्याध्यापकानं एक्सेल दाखवावं, दुसऱ्यानं स्कॅनिंग. ८ तास वर्गनिरीक्षणाला, तंत्रज्ञानामुळे मुलांचं बोलणं आणि करणं वाढतं का हे पाहायला.

प्रत्येक तासाचा पुरावा म्हणजे शाळेत वापरात आलेली एक वस्तू असावी: सूची, तक्ता, कार्यभार कागद. प्रमाणपत्र फाइलला लावा, पण ते दुय्यम.

मार्चमध्ये पुन्हा एक दुपार राखून तीच सहा कामं घड्याळ लावून करा, यावेळी उपमुख्याध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षकाला शेजारी बसवून. तुम्ही अडलात ते काम तुमच्या जूनच्या यादीत जाईल. ते अडले ते काम त्यांच्या. लॉगिनचं पाकीटही त्याच दिवशी उघडा, पासवर्ड बदला, नवी तारीख घालून परत बंद करा.